पाण्याला भिणारं सोनं

छकुलीच्या साखरपुड्याला हार हवा होता एक, आले दोन. आणि दोन्ही असे हुबेहूब की जुळ्या पोरांसारखं गळ्यात काळा दोरा बांधून ओळखावेत. त्या दिवसाचा सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

चूक म्हटली तर विजयमालाचीच. वर्षभर तिनं एका मासिकाचं मुखपृष्ठ फ्रिजच्या दाराला चिकटवून ठेवलं होतं. त्यावरच्या नटीचं नाव तिला धड ठाऊक नव्हतं, पण नटीच्या गळ्यातला हार तोंडपाठ होता. मधे पानाच्या आकाराचं पदक, दोन्ही अंगांना सात-सात चौकटी, खाली मोत्यांची झालर. मुंबईच्या कुणा डिझायनरनं तो काढलेला. 'डिझायनर' हा शब्द निरवांगीत पहिल्यांदा आला तो विजयमालाच्या तोंडून, आणि आल्यापासून त्यानं गावाला वीट आणला. घरी आलेल्या बाईला पाण्याचा तांब्या मिळायच्या आधी मुखपृष्ठाचं दर्शन घडायचं.

"आमच्या छकुलीला असला घालायचाय. सोनाराकडचा न्हाय. सोनाराकडचं काय, कुनीबी घालतंय!"

ऐकणाऱ्या बाईच्या गळ्यात अर्थात सोनाराकडचंच असायचं. ती बिचारी पदर सारखा करून गप बसायची, आणि विजयमालाला वाटायचं, हिला पटलं.

मुखपृष्ठ दोघांनी मनावर घेतलं. एक तिचा सख्खा थोरला भाऊ, बारामतीचा मोहनराव. तो आदल्या दिवशीच पांढऱ्या एस्टीम मोटारीतून उतरला. हातात लाल मखमलीची पेटी, पेटीवर सोनेरी इंग्रजी अक्षरं, झाकण उघडलं की आतून आरसा. "माले, तुझ्या पोरीसाठी मुंबई पालथी घातली," असं तो म्हणाला, आणि विजयमालाच्या डोळ्यांना पाणी आलं. भाऊ असावा तर असा, असं ती रात्री झोपेपर्यंत अकरा जणींना म्हणाली.

दुसरा आला तो साखरपुड्याच्या सकाळी, एसटीनं, फाट्यावरून चालत. पायात धूळ, खांद्याला रेक्झिनची पिशवी. विजयमाला दारात रांगोळीवर शेवटचा हात फिरवत होती. तिनं वर पाहिलं आणि तिच्या चिमटीतली रांगोळी तशीच सांडली.

मल्हार. तिचा धाकटा दीर. बारा वर्षांनी.

बारा वर्षांमागं या घरातून विजयमालाची नथ हरवली होती. घरात रिकामं, बिनकामाचं माणूस एकच होतं, आणि ते मल्हार. विजयमालानं सगळ्यांदेखत त्याची ट्रंक उपसली. नथ मिळाली नाही, पण पोरगं दुसऱ्या दिवशी मुंबईला निघून गेलं. नथ पुढं चार महिन्यांनी तांदळाच्या कणगीत सापडली. सापडली ती विजयमालालाच, आणि तिनं ती धुऊन पुसून पेटीत ठेवून दिली. आता एवढ्या दिवसांनी गावभर सांगत काय सुटायचं, असा तिनं विचार केला. बारा वर्षं तिला हा विचार पुरला.

"वैनी, बऱ्या हायसा?" मल्हारनं वाकून नमस्कार केला.

"या, भावजी," ती म्हणाली. "कुनी सांगितलं तुमाला?"

"छकुलीनं पत्र टाकलं व्हतं. संगं ह्याची झेरॉक्स." त्यानं दारातूनच आतल्या फ्रिजवरच्या मुखपृष्ठाकडं बोट केलं. मग पिशवीतून पंच्यात गुंडाळलेली एक तांबडी सुती थैली काढली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरली. "पोरीला काकाकडनं."

थैलीतून तोच हार निघाला. पान तेच, चौकटी त्याच, झालर तीच. विजयमाला थैलीकडं बघत राहिली. असल्या थैलीत तिच्या घरी हळकुंडं ठेवायची पद्धत होती.

"हे कुठनं आनलं?"

"मी काम करतो तितनंच. आमच्याच कारखान्यातला हाय."

मल्हार मुंबईला कुठल्याशा दागिन्यांच्या कारखान्यात भट्टी फुंकतो, एवढं घराला माहीत होतं. भट्टी फुंकणाऱ्याच्या हाताला नटीच्या गळ्यातला हार लागतो होय? विजयमालानं मनातल्या मनात नाक मुरडलं, आणि मग विचार केला, मनातल्या मनात कशाला, मुरडलंच.

* * *

दहाच्या सुमाराला सोप्यात बायकांची बैठक भरली. नवऱ्याकडचे पाहुणे बारामतीहून तीनला यायचे होते, तोवर काय करायचं? एका परातीत दोन्ही हार शेजारी-शेजारी ठेवले होते, आणि ज्यांनी जन्मात कधी पोहेहार सोडून काही घातलं नव्हतं त्या सगळ्या जणी पारखी झाल्या होत्या. ही म्हणायची हा पिवळा जास्त, ती म्हणायची तो जड जास्त. एकीनं तर मोती दाताखाली धरून पाहिला आणि खारट लागतो म्हणाली.

सोफ्याच्या मधोमध, खिडकीखाली, मोहनराव बसला होता. त्या घरात ती जागा हिंदुरावची, विजयमालाच्या नवऱ्याची. पण मोहनराव आला की घरधनी आपोआप खुर्चीवर सरकायचा. हिंदुराव भवानीनगरच्या साखर कारखान्याचा सभासद, सभेत उठून चार शब्द बोलणारा माणूस. घरात मात्र मेव्हण्यापुढं त्याचा आवाज कधी फुटला नाही.

"अस्सल माल वळखायला डोळा लागतो," मोहनरावनं सुरुवात केली. "डिझायनर माल म्हंजे आधी पेटी बघायची. पेटीशिवाय कंपनी माल हातात देतच न्हाय. मग चमक बघायची. हे बघा, माझ्यातला खडा कसा डोळ्यावर येतो! अन् हा," त्यानं मल्हारचा हार करंगळीनं उचलला, "हा बघा, मिणमिण मिणमिण. खडंबी येडेवाकडे. एक मोठा, एक बारका. मशीन बिघडलं व्हतं काय तुमच्या कारखान्यात?"

बायका हसल्या. मोहनरावच्या विनोदाला हसायचं असतं हे त्या घरात लहान पोरालाही ठाऊक होतं.

मल्हार दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. "ते मशीनवर व्हत न्हाय, पाव्हनं. खडा जसा निघतो तशी त्याची चौकट करत्यात. सगळं खडं एकसारखं असलं तर ती काच समजायची. अन् पुढनं नका बघू. उलटं करून बघा."

मोहनरावनं हार उलटा केला. मल्हारच्या हाराच्या पाठीवर हिरव्या-तांबड्या मिनाकामात बारीक मोर काढले होते, चौकटीगणिक एक. मोहनरावच्या हाराची पाठ सपाट आणि पिवळीधमक होती.

"ही पाठ रंगवून काय झाकलंय?" मोहनराव म्हणाला. "अन् पाठ बघतंय कोन? पोरीला उलटी टांगायची हाय का?"

आता हशा असा पिकला की आतून आचारीसुद्धा डोकावून गेला. विजयमाला सगळ्यात मोठ्यानं हसली. हसताना तिच्या डोळ्यांसमोर क्षणभर ते मोर राहिले. सुरेख होते. पण ज्या बाजूला कुणी बघणार नाही तिथं एवढा जीव कोण ओततो? वेडाच, नाहीतर लबाड. आणि मल्हार लबाड असणं तिच्या सोयीचं होतं. बारा वर्षांचा हिशेब त्यानं एका फटक्यात सरळ होत होता.

कोपऱ्यात साखरबाई बसली होती. विजयमालाची सासू. मोतीबिंदूनं डोळे गेल्यासारखेच, पण कान शाबूत. "माझ्या हातात द्या गं," ती म्हणाली. "घोंगडं घेताना आमी बी उलटंच करून बघायचो. पुढनं काय, कुनीबी पिंजून दावतंय."

"आत्याबाई, तुमाला दिसतंय कुठं? मोती तुटंल एखादा," विजयमाला म्हणाली आणि परात दुसरीकडं सरकवली.

म्हातारीनं पुढं केलेला हात मागं घेतला. मग म्हणाली, "हातात देऊ नका. पन पान्यात तरी घाला. न्हातल्याबिगर सोनं अंगाला लावायचं न्हाय."

ही या घराची जुनी चाल. विजयमालाच्या सासऱ्यांच्या, आप्पांच्या काळात घरात मेंढरं होती. लोकर कातरायच्या आधी सगळा कळप नदीत धुऊन घ्यायचा. मेंढरं गेली, ऊस आला, पण नवी वस्तू धुऊन घ्यायची सवय राहिली. घोंगडं असो, भांडं असो, सोनं असो, नरसिंहपूरच्या संगमाच्या पाण्यात न्हाऊन निघाल्याशिवाय वापरायचं नाही. त्यासाठी संगमाच्या पाण्याची कळशी देव्हाऱ्याखाली कायम भरलेली. एरवी विजयमालाला ही अडाणी चाल वाटायची. आज तिला ती फार आवडली.

"घाला की! दोन्ही घाला. दूध का दूध, पानी का पानी!" ती म्हणाली.

मल्हार एकदम पुढं आला. "वैनी, न्हाय. ह्याला पानी लावू नका. वरनं थेंबभर शिंपडा अन् लगेच पुसा. पान्यात बुडवायचा न्हाय हा."

मग एकेकीनं शेजारणीला कोपर मारलं.

"का बरं, भावजी?" विजयमालानं अगदी गोड आवाजात विचारलं. "सोनं हाय न्हवं?"

"सोनंच हाय. पन आत..."

"सोन्याला पान्याचं भ्या?" मोहनरावनं मांडीवर थाप मारली. "आरं, सोनं शंभर वर्सं नदीच्या तळाला पडलं तरी सोनंच. पान्याला भितो तो मुलामा! माझा घाल, माले. खुशाल घाल. दोन तास ठेव, चार तास ठेव. मी काय म्हनत न्हाय."

"वैनी, माझं ऐका..." मल्हारनं परातीकडं हात नेला.

"हात लावू नका, भावजी."

ती हे हळूच म्हणाली. पण त्यात तो जुना, ट्रंक उपसतानाचा आवाज होता. मल्हारनं हात मागं घेतला. त्यानं हिंदुरावकडं पाहिलं. हिंदुराव पंख्याकडं बघत होता.

मग विजयमालानं पदर खोचला. घंगाळात संगमाचं पाणी ओतलं, चिमूटभर हळद टाकली, वर रिठ्याचा फेस केला, आणि दोन्ही हार बुडवले. नुसते बुडवले नाहीत, जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासले. मल्हारचा जरा जास्तच घासला.

* * *

दीड वाजता घंगाळ सोप्यात आणलं. विजयमालानं आधी भावाचा हार काढला. पाणी निथळलं आणि खडे लखलखले. बायकांच्या तोंडून "अगं बया!" निघालं. मग तिनं दुसरा काढला.

पानाच्या पदकातला मोठा खडा काळा पडला होता. डोळ्यात वडस यावं तसा. त्याच्या बाजूचे दोन मळकट. चौकटींमधले निम्मे विझलेले. हार तिच्या बोटांवरून ओल्या सुतळीसारखा लोंबत होता.

सगळ्या विजयमालाकडं बघू लागल्या. बोलायचं ते विजयमालासाठी ठेवलं होतं.

"बघा," ती म्हणाली. "बघा आमच्या भावजींनी पुतणीला काय आनलंय! आरं, न्हाय जमत तर रिकाम्या हातानं यायचं. आमी काय दारातनं हाकललं असतं? पन सोयऱ्याधायऱ्यांत पोरीचं हसं करायला खोटं गळ्यात बांधायचं? तिकडं बारामतीची मानसं उद्या काय म्हनली असती?"

"वैनी, ते खोटं न्हाय. आत पानी शिरलंय." मल्हार म्हणाला. तो तिच्याकडं बघतच नव्हता, हाराकडं बघत होता. आजारी जनावराकडं बघावं तसा.

"व्हय तर! खरं फक्त तुमचंच. चूक आमच्या पान्याची!" आणि मग तिच्या तोंडून ते गेलं. "मीच येडी. नथीचं इसरून गेले व्हते."

शब्द बाहेर पडला आणि तिचं तिलाच आतून चरकलं. नथ त्या क्षणाला आतल्या खोलीत, गोदरेजच्या कपाटात, मधल्या कप्प्यात होती. 'नवी केली' म्हणून आज ती घालायचीसुद्धा होती. पण सगळ्या जणी मान हलवत होत्या, भाऊ मिशीतून हसत होता. शब्द मागं घ्यायचे म्हणजे सगळ्यांदेखत खाली बसण्यासारखं. ती उभी राहिली.

मल्हारनं पिशवी उचलली. आईच्या पायाला हात लावला. "येतो, आई."

"जेवून जा रं," साखरबाई म्हणाली.

"फाट्यावर चारची गाडी हाय."

आतल्या दारात छकुली उभी होती, अर्धी वेणी घातलेली. "काका!" म्हणून ती पुढं झाली. विजयमालानं तिला दंडाला धरून आत लोटलं. "पाव्हनं यायची येळ झाली. तोंड धू."

* * *

पाहुणे वेळेवर आले. नवरा मुलगा यशराज, त्याची आई कुशाबाई, बाकी गाडीभर माणसं. छकुलीच्या गळ्यात मामाचा हार चमकत होता आणि मोहनराव सोफ्यावर बसून मुंबईतली दुकानं सांगत होता. कुशाबाईनं हार हातात घेऊन "झकास हाय हो!" म्हटलं. विजयमालाचं वर्षाचं सार्थक झालं.

एवढ्यावर ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण जिंकलेल्या माणसाला चैन कुठं पडते? इंदापूरचे सोनबा पोतदार आले होते, आप्पांच्या वेळेपासूनचे घरचे सोनार. ज्यांच्याकडचं कुणीही घालतं ते हेच. त्यांना मुद्दाम आत स्वयंपाकघरात बोलावून विजयमालानं मल्हारचा हार त्यांच्यापुढं टाकला.

"सोनबाकाका, गंमत बघा. आमच्या दिरानं डिझायनर हार आनलाय! संगमाच्या पान्यात घातला तर बेणं काळं ठिक्कर."

सोनबांनी चष्मा वर केला. हार उलटा केला. मोर बघितले. कडीजवळची कारखान्याच्या नावाची बारीक अक्षरं बघितली, त्याखालचा सोन्याच्या कसाचा आकडा बघितला. चार वेळा तळहातावर झेलला. तोंडातलं पान त्यांनी चावायचं थांबवलं होतं.

"पान्यात कुनी घातला?" त्यांनी विचारलं.

"मीच की."

"किती येळ?"

"झालं असतील तीन तास."

सोनबांनी हार खाली ठेवला. ठेवला म्हणजे अगदी हळू, उशीवर पोर ठेवावं तसा. "वैनीसाहेब, हे कुंदनाचं काम हाय. अस्सल. खड्याखाली चांदीची पन्नी असती, कागदापरीस पातळ, तिच्यानं खडा उजळतो. आत लाखेचा भर असतो. कडंनी शुद्ध सोनं दाबत्यात. हे कधी धूत न्हायती. पानी शिरलं की पन्नी काळी. चाळीस वर्सं हातोडा मारतोय, पन एवढं साफ काम मला येत न्हाय. आनताना त्यानं सांगितलं न्हाय का?"

विजयमालानं सोप्याकडं बोट केलं. "मग... तो दुसरा? तो बी तेवढाच येळ घातला व्हता. त्याला काय सुदीक झालं न्हाय."

"तेच की," सोनबा म्हणाले. "काचंला काय व्हायचंय? मघाशी पोरीच्या गळ्यात बघितला. पाव्हन्यांत कशाला बोला म्हनून गप बसलो."

चुलीशेजारी पाटावर साखरबाई बसली होती. तिनं हात पुढं केला. "आता तरी दे."

या वेळी विजयमालानं दिला. म्हातारीनं हार मांडीवर उलटा घेतला. अंगठा मोरांवरून सावकाश फिरवत नेला, एक, दोन, तीन, आणि कडीजवळ आल्यावर थांबली. परत मागं नेला, परत तिथंच थांबली.

"हितं काय हाय, सोनबा? अक्षराच्या खालती?"

सोनबांनी वाकून पाहिलं. "दोन बारक्या खाचा हायत. अन् मधी टिंब. कारागिराची खून असती ती. ज्यानं खडं बसवलं त्याची. काम परत आलं तर कुनाचं ते कळावं म्हनून."

"दोन खाचा, मधी टिंब," साखरबाई म्हणाली. "आप्पा मेंढराच्या डाव्या कानाला हीच खून करायचं. हजारात मेंढरू मिसळलं तरी मी अंधारात कान चाचपून वळखायची." ती हाराकडं बघत नव्हती. तिला दिसतच नव्हतं. "माझ्या मल्हारनं केलाय हा. इकत न्हाय आनला. हातानं केलाय."

विजयमाला ओट्याला धरून उभी राहिली. बाहेर मोहनराव काहीतरी म्हणाला आणि सगळे हसले.

घड्याळात साडेतीन झाले होते.

* * *

भरजरी शालू नेसलेली नवरीची आई साखरपुड्यातून उठून फाट्याकडं भराभरा चालत निघाली, हे निरवांगीनं अजून दहा वर्षं सांगितलं असतं, आणि सांगितलंच. वाटेत दोघींनी "कुठं निघालीस?" म्हणून विचारलं. ती थांबली नाही. मनात ती स्वतःलाच वाट्टेल ते बोलत होती. मोठी पारखी! पेटी बघून भाळलीस! अक्कल गहाण टाकून भावाच्या मखमलीला भुललीस! आणि ब्रश घेऊन घासलास, हातात होता तो जोर काढून घासलास!

मल्हार टायर पंक्चरच्या टपरीबाहेर दगडावर बसला होता. तिला बघून उठला.

विजयमाला धापा टाकत समोर उभी राहिली. तिच्या मुठीत काहीतरी होतं. मूठ उघडली तेव्हा त्यात नथ निघाली.

"कणगीत घावली व्हती," ती म्हणाली. "तवाच. तुमी गेल्यावर चार म्हैन्यांनी. मी कुनाला बोलले न्हाय."

मल्हारनं नथीकडं पाहिलं. हातात घेतली नाही. "मला म्हाईत हाय."

"कसं?"

"आईनं कळवलं व्हतं. कुनाकडनं तरी लिवून घेतलं व्हतं."

"म्हाईत व्हतं, तरी आलात?"

"छकुलीचं पत्र आलं व्हतं," तो म्हणाला, जणू दुसरं काही कारण लागत नाही.

विजयमालाला रडू फुटलं. शालूचा पदर तोंडाला लावून ती तिथंच, टायरांच्या ढिगाशेजारी, रडली. पंक्चरवाला हवा भरायचं सोडून बघत राहिला. "मी वंगाळ बाई हाय," ती म्हणाली. "मला म्हाईत हाय मी कशी हाय. पन तो हार... पोरीचा हार मी माझ्या हातानं मारला. त्याचं काय व्हतंय का आता?"

"व्हतंय की." मल्हार पहिल्यांदाच सरळ तिच्याकडं बघून बोलला. कामाचं विचारलं तसा त्याचा आवाज मोकळा झाला. "खडा काढायचा, पन्नी बदलायची, परत दाबायचा. अवजारं पिशवीत हायत. एसटीच्या धक्क्यानं एखादा खडा हलंल म्हनून आनली व्हती. आज सगळा न्हाय व्हनार. मधलं पदक तेवढं तासाभरात करतो. बाकीचा लग्नाला."

"काय लागंल?"

"निखाऱ्याची शेगडी. अन् उजेडात बसायला जागा."

चारची गाडी आली. थांबली. कंडक्टरनं दार उघडून वाट पाहिली, आणि कुणी चढत नाही म्हटल्यावर घंटी मारली.

* * *

सोप्यात टिळे लावून झाले होते, पेढ्यांची ताटं फिरत होती. व्याहीण कुठं गेली म्हणून कुशाबाईनं दोनदा विचारलं होतं आणि हिंदुराव दोनदा पंख्याकडं बघून गप बसला होता. तेवढ्यात विजयमाला दारातून आत आली. डोळे लाल, शालूच्या काठाला धूळ. मागं मल्हार, खांद्याला पिशवी.

छकुलीनं दोघांकडं पाहिलं. मग स्वयंपाकघरातून येऊन कोपऱ्यात बसलेल्या आजीच्या मांडीवरच्या काळ्या हाराकडं पाहिलं. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं मानेमागं हात नेऊन गळ्यातला हार काढला आणि मुकाट्यानं मखमली पेटीत ठेवला.

मोहनराव खिडकीखाली, सोफ्याच्या मधोमध, पाय पसरून बसला होता. "माले, हे काय चाललंय?" तो हसत म्हणाला, पण हसू अर्ध्यावर राहिलं.

विजयमाला त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. आयुष्यात या माणसापुढं ती कधी उभी राहून बोलली नव्हती. तो आला की ती खाली बसायची.

"दादा," ती म्हणाली, "उठा जरा."

"आँ?"

"तितं खिडकीचा उजेड येतोय. माझ्या दिराला कामाला बसायचंय. निखाऱ्याची शेगडीबी लागंल त्यांला."

"अगं, पाव्हन्यांसमोर..."

"पाव्हन्यांसमोरच," ती म्हणाली. "मघाशी त्यांला घालवलं ते बी सगळ्यांसमोरच घालवलं व्हतं."

हिंदुराव खुर्चीवरून उठला. बारा वर्षांत त्यानं जे केलं नव्हतं ते केलं. आत जाऊन स्वतःच्या हातानं निखाऱ्यांची शेगडी उचलून आणली आणि सोफ्यासमोर ठेवली. धग थेट मोहनरावच्या पायाला लागली.

मोहनराव उठला.

मल्हार तिथं बसला. पंचा मांडीवर पसरला, पिशवीतून चिमटा काढला आणि हार उलटा धरला. कुशाबाईनं आपली खुर्ची जवळ ओढली, यशराज मागं वाकून उभा राहिला. विजयमाला शेगडीपाशी जमिनीवर बसली आणि पदरानं निखारे फुलवू लागली.

"वैनी, शालू हाय," मल्हार म्हणाला. "जळंल."

"जळू द्या," ती म्हणाली. "तुमी पोरीचं पदक बघा."